दोन तास उशिरा

चार गावांत मिळून एक शाळा,
लेटरहेडवर चारही नावं, मध्ये आडव्या रेघा:
टॉर्विक-मिस्केल-हॅल्डर-ओडील.
जर्सीवर एवढं मावत नाही,
म्हणून पोरांच्या छातीवर नुसती चार अक्षरं.
मिस्केलवाले अजून कुरकुरतात, आमचं अक्षर बारीक शिवलंय.
मी फूटपट्टी लावून मोजलंय.
बारीक नाही.

मी अधीक्षक.
म्हणजे बजेट, बोर्डाची बोलणी,
तालसेथ बाई बाळंतपणाला गेल्यापासून नववीचं बीजगणित,
आणि नोव्हेंबर ते मार्च पहाटे सव्वाचारला
पिकअप काढून बर्फ बघत हिंडणं.
साडेपाचच्या आत ठरवायचं:
शाळा, सुट्टी, की दोन तास उशिरा.
कारण साडेपाचला तीन नंबरच्या बसचा वर्न हाउगेन
इंजिन तापवायला घेतो,
आणि तापलेलं इंजिन उगाच निववणं
त्याला अन्नाची नासाडी वाटते.

बारा कोसांवर बोली बदलत असेल,
इथे सहा मैलांवर आभाळ बदलतं.
हॅल्डरला चांदणं, टॉर्विकला हात दिसत नाही.
काहीही ठरवलं तरी
तीन गावं मला वेड्यात काढतात.

मिस्केलची शाळा सहा वर्षांपूर्वी बंद केली.
सही माझीच.
आता जिममध्ये ड्वेन प्रेस्टगार्डचं बियाणं, एक कंबाइन.
स्कोअरबोर्ड तेवढा त्याने काढला नाही,
वीज आहे तर जळू दे म्हणतो.
अंधारात रस्त्यावरून दिसतात लाल आकडे:
पाहुणे शून्य, आपण शून्य.

दर वादळात पावणेपाचला फोन.
"मॅडम, रस्ता साफ बंद आहे. मी एमेटचा बाप बोलतोय."
ओडीलचा एमेट रास्क, वय बारा,
आवाज जाड करून, नाक दाबून.
मागे कुत्रं भुंकतं, बहीण खिदळते.
बापाचा आवाज मला पाठ आहे,
माझ्याच बीजगणितात दोनदा आपटलाय तो.
तरी मी गंभीरपणे विचारते, किती इंच?
"सोळा."
मागच्या खेपेला वीस होता.

गेल्या मंगळवारी फोन आला तो त्याच्याच आवाजात.
"मिस व्हॉस्लर, रस्ता चालू आहे.
मी टॉर्च घेऊन हमरस्त्यापर्यंत जाऊन आलो.
बस येऊ शकते."
किती इंच?
थोडा वेळ काहीच नाही.
"तीन."
माझे वायपर काचेला चिकटलेले.
कुत्रं भुंकत नव्हतं.
घरी कोण आहे, एमेट?
"बस येईल ना?"

दोन तास उशिरा, मी रेडिओला कळवलं,
आणि काउंटीच्या बर्फनांगरामागे
त्याचे दोन लाल दिवे धरून निघाले.
ओडीलला पोचायला पाऊण तास.

घराला उजेड नाही, धुराड्याला धूर नाही.
टपालपेटीपाशी दोघं उभी,
तो बापाच्या जाकिटात, बाह्या गुडघ्यांपर्यंत,
तिच्या हातात डबा, झाकण उलटं लागलेलं.
दारापासून रस्त्यापर्यंत त्याने वाट उपसली होती,
मोजून बसच्या दाराएवढी रुंद.

काउंटीची बाई, फोन, फॉर्म,
ते सगळं नंतर. झालंही नंतर.
तेव्हा मी फक्त हीटरची तोंडं त्यांच्याकडे वळवली.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
"अकरा होता, खरं तर."
माहीत आहे, म्हटलं. मोजून आलेय.

मिस्केलवरून जाताना बहिणीने काच पुसली.
"कोण जिंकतंय?"
"अजून सुरूच नाही झालं," एमेट म्हणाला,
आणि जाकिटाची बाही तिच्या पायांवर टाकली.

वर्न मात्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही.
त्याने साडेपाचलाच इंजिन तापवलं होतं.