उपाशीपोटी

दर एक जानेवारीला, सकाळी सव्वासहाला,
कचराळी तलावाच्या तिसऱ्या बाकावर
आम्ही तिघे बंद पाकिटं बदलतो.
आत दहा नावं, पेपरात फोटो येतो अशांचीच.
शेजारपाजारचे चालत नाहीत, नात्यातले तर नाहीच नाही.
शंभरातून वय वजा, तितके गुण.
नव्वदीतल्याला मारण्यात कसलं आलंय कौशल्य,
असं गव्हाणकर म्हणतो.

मारण्यात, म्हणतो तो.
मी दुरुस्त करतो: ओळखण्यात.
चौतीस वर्षं आयुर्विम्यात काढली, दाव्यांच्या टेबलावर.
मरण मी कधी पाहिलं नाही,
फक्त त्याचा शिक्का तपासला,
तीन प्रतींत.

खुणा असतात.
जीवनगौरव मिळाला की दीड वर्ष धरा.
'प्रकृती स्थिर' छापून आलं, की शनिवार.
मतदानाला खुर्चीतून आणलंय, शाईचं बोट वर आहे
पण मनगट नातवानं धरलंय,
लिहून ठेवा.
शिंत्रे तर आवाजावरून सांगतो.
रेडिओवर मुलाखत लागली की डोळे मिटून
दोन शब्दांमधला श्वास मोजतो.
मागच्या साली त्याची सहा नावं लागली,
आम्ही गोखले रोडला त्याला वडे खाऊ घातले.
वडा मोडताना म्हणाला,
सातवाही संक्रांत बघत नाही.
नाही बघितली. पण नवं साल लागलं होतं,
धरलं नाही.

तुम्हाला हे हलकट वाटत असेल.
माझ्या सुनेलाही वाटतं.
रद्दीत वही सापडली तेव्हा दोन दिवस
ती माझ्याशी फक्त मुलामार्फत बोलली.

माझ्या यादीत पहिलं नाव अकरा वर्षं एकच,
मंदाकिनी बाक्रे.
तीन अंकी नाटकं, नऊवारीतल्या खाष्ट सासवा,
आणि दंतमंजनाच्या डब्यावरचं ते हसू.
दरवर्षी लिहायचं, दरवर्षी वाया.

परवा पाचपाखाडीत रक्त द्यायला गेलो.
माझं टोकन सत्तावीस.
सव्वीस म्हणजे ती.
पायात लोकरी मोजे, पिशवीत बिस्किटाचा पुडा,
आणि पेपर शेवटून उघडलेला,
जिथे चौकटीतले फोटो असतात तिथे.
पेन्सिलीने बारीक खूण करत होती.

'ओळखीचे का?' मी विचारलं.
'नाही हो,' म्हणाली, 'स्पर्धक.'

मग हसली. तेच, डब्यावरचं.
'माझी तीनदा बातमी उठली.
एकदा वर्तकनगरात मंडळाने फलकसुद्धा लावला,
भावपूर्ण श्रद्धांजली.
फोटो छान होता, मी मागून घेतला.
आई म्हणायची, मेल्याची खोटी बातमी उठली
की माणसाचं आयुष्य वाढतं.
कुणीतरी मेला नेमानं उठवत असणार.'

मी घसा खाकरला.
उपाशीपोटी घसा फार कोरडा पडतो.
'साखर?' तिने विचारलं.
'साखर.'

आतून हाक आली, सव्वीस.
'धरा जरा,' म्हणून पेपर माझ्या हातात दिला
आणि उठली, खुर्चीच्या दांडीला रेटा देऊन,
एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा उठली.
मनगट कुणीही धरलं नव्हतं.
आत जाऊन सुई टोचणाऱ्या मुलीला म्हणाली,
डावा हात घे गं, उजव्याने मला चहा प्यायचाय.

यंदाही पहिलं नाव तेच लिहिलं,
पेन जरा दाबून.
पाकीट फोडून गव्हाणकर वैतागला,
अरे, जागा अडवते ती तुझी.
अडवू दे.
पहिल्यांदा लिहिली तेव्हा अठरा गुणांची होती,
आता सातांची.
शंभर ओलांडली तर गुण उणे धरायचे का,
नियमांत काही नाही.

शिंत्रे म्हणाला, तेव्हा बघू.

तेव्हा, म्हणाला तो.
शिंत्रे एकोणऐंशी, मी ऐंशी,
गव्हाणकर सांगत नाही.
पलीकडे कुणीतरी माशांना खारी टाकत होतं.
पाणी उकळल्यासारखं हललं, आणि आम्ही
बराच वेळ तिकडेच बघत बसलो.