बरोबर

गणापर्यंत कुणाचं भांडण नव्हतं.
कुलही ठीक.
प्रजातीशी आल्यावर नूरजिहानने खुर्ची पुढे ओढली.
भिंगाखाली नराच्या पोटाचं टोक
कॉस्टिकच्या थेंबात मऊ होत होत
सुटून आलं,
रात्रभर भिजलेला वाल सालीतून सुटावा तसं.

पंखांवर विश्वास ठेवायचा नाही. रंगावर तर नाहीच:
गवतात हिरवा, दगडावर मातकट.
डोळेसुद्धा रात्री काळे पडतात.
खरं काय ते या आकड्यात,
तिळाहून लहान, डावीकडे वळलेल्या.

हा नर बरणीतला. खिडकीत जन्मला.
याची आई निगदेच्या वरच्या उतारावर
गेवेनच्या काट्यात सापडली होती, आखूड पंखांची, जड.
तिच्या जातीला नाव देऊन
कुणीतरी गेलं, त्याला शंभर वर्षं झाली.
तिच्या फेसाच्या कोशातून सत्तावन्न पिल्लं निघाली.
वेगवेगळ्या पेल्यांत ठेवायला नूरजिहानला एक दिवस उशीर झाला,
नऊ उरली.
नऊपैकी चौघांना लांब पंख फुटले.

आणि शेजारचा हा दुसरा,
एकोणऐंशीच्या जुलैत दिव्यावर आलेला,
लाल चिठ्ठीचा, फेरिदून होजांचा.
होजांनी त्याला बायकोचं नाव दिलं होतं: म्युझेय्येनी.
लॅटिनमध्येही षष्ठी असते,
आपल्या चा-ची-चे सारखीच
नावाच्या टोकाला चिकटलेली. म्युझेय्येनची.

आकडा तोच.
तिने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.
तोच.

गावातली पोरं याला पैगंबराचा उंट म्हणतात.
नर असो, मादी असो, त्यांना एक नाव पुरतं.

म्युझेय्येन टपाल कचेरीत होती.
रजा काढून यायची, गॅसच्या दिव्यामागे चादर धरायला.
चादरीवर झेपावत ते फक्त नर.
माद्या उडत नाहीत, त्या काळोखात
जिथल्या तिथे बसून असतात,
आणि वहीत मोजदाद चादरीवरच्यांची.
पण पान एकेचाळीसच्या समासात
शिक्के मारून वळण पडलेलं तिचं अक्षर:
*झुडपात एक जाडी बसली आहे.
पंख बाह्या कापलेल्या जाकिटासारखे.
मला ही यांच्याच घरातली वाटते.*
खाली होजांच्या हिरव्या शाईत, एक शब्द:
*नाही.*

बोरला सफरचंदाच्या बागेत होजा शिडीखाली बसले होते,
मुलगा वर, ते खाली फांद्या दाखवत.
नूरजिहानने वही उघडून मांडीवर ठेवली
आणि बोलायची तयारी केलेली चार वाक्यं
एकदम विसरली.
त्यांनी चष्मा शोधला. तो डोक्यावर होता.
बराच वेळ तेच पान.
वरून एक सफरचंद पडलं, कुणी उचललं नाही.

“आधीचं नाव राहतं,” ते म्हणाले.
“हो.”
“तिचं जातं.”
“जात नाही, होजा. खाली जातं. यादीत राहतं.”
त्यांनी बोटाने तो हिरवा शब्द पुसून पाहिला,
शाई पंचेचाळीस वर्षं मुरलेली.
“मग लिही,” म्हणाले. “पण पुराव्यात
तुझी बरणी दुसरी घाल.
पहिलं हे पान. समासासकट.
आणि तिचं पूर्ण नाव, माझं आडनाव नको,
टपाल कचेरीत लावायची ते.”

लाल चिठ्ठी काढायची नसते, असा नियम आहे.
टाचणीवरचा नर तसाच राहिला, पुढचे पाय जोडून.
कप्पा मात्र बदलला:
गेवेनवरच्या जाडीच्या उजव्या हाताला
दोन बोटं जागा होती.

संध्याकाळी नूरजिहानने ओळ लिहिली.
जुनं नाव, मग बरोबरचं चिन्ह,
मग थोडं आत सरकवून, बारीक अक्षरात, म्युझेय्येनी.
त्या दोन आडव्या रेघांकडे ती बघत राहिली
आणि दिवा न लावता
खिडकीतल्या पाच जणींना माश्या घालायला उठली.