पारिएको

चोपड्याच्या कोर्टासमोर, कडुनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
दर एप्रिलला तो येतो, रात्रपाळी संपवून,
गळ्यात शिट्टी तशीच.

गावात त्याला सगळे बहादूर म्हणतात.
पहिल्या वर्षी अर्जासाठी खरं नाव विचारलं
तर म्हणाला, लौटन चौधरी.
मी हसलो. म्हटलं, लोटन चौधरी
आमच्या गल्लीतच दोन शेतस भो,
एक तेलघाणीवाला, एक रिटायर कंडक्टर.
तुनं गाव कोणतं? यावल का रावेर?
बर्दिया, म्हणाला.
ते शोधायला पोराचं भूगोलाचं पुस्तक काढावं लागलं.

अर्ज काठमांडूच्या आयोगाला.
भाषा त्याची, अक्षरं आपलीच.
मशीनला परदेश कळत नाही,
ते नेपाळही नशिराबादइतक्याच जोरात ठोकतं.
तो कागदावरून एकेक शब्द वाचतो, मी बडवतो.
भावाचं नाव बुधराम. वय एकोणीस.
संवत दोन हजार अठ्ठावन्न, फागुन, पहाट.
मी म्हटलं, तुमचं साल आमच्यापुढं सत्तावन्न वर्षं.
हो, तो म्हणाला, तरी अजून सापडला नाही.
वर्दीतले लोक. जीप नव्हे, ट्रक.
अंगात निळा स्वेटर,
डाव्या बाहीची वीण उसवलेली.

ही बाही दरवर्षी अर्जात असते.
एकदा मी म्हटलं, आयोगाला बाहीशी काय करायचंय,
काढू या, एक पान वाचेल.
तो जास्तीच्या पानाचे पैसे टेबलावर ठेवून
नुसता उभा राहिला.

यंदा बोट अडलं.
बेपत्ता. ओळखीचा शब्द,
तीस वर्षांत हजारदा बडवलेला,
पुढचं 'झाला' मारायला बोटं आपोआप निघाली.
तो म्हणाला, नाही साहेब. पारिएको.
बेपत्ता पारिएको.
म्हणजे?
म्हणजे झाला नाही. केला गेला.
कुणी केला?
ते शब्दात नाही, तो म्हणाला.
पण कुणीतरी आहे, एवढं आहे.

मी रिबिन पुढं सरकवली. उगाच.
आपल्याकडं माणूस बेपत्ता होतो.
जसा केळीवर करपा येतो,
जशी दुपार होते.

मग त्र्याण्णव साल आठवलं.
सातपुड्यातल्या पाड्यावरचा दितल्या पावरा,
सालईचा डिंक चोरल्याच्या संशयावरून
चौकीत आणलेला.
जमादार उभ्यानं सांगत होता, मी टाइप करत होतो:
चौकशीअंती सोडून दिले असता
सदर इसम बेपत्ता झाला.
एकावर तीन कार्बन. बारा रुपये.
शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.
खाली त्याच्या आईचा अंगठा,
शाईची डबी माझी.
तिची बोली मला येत नव्हती.
एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती,
मी समजलो, गेला, गेला.
आज वाटतं, नेला म्हणत असावी.

लौटनचे पैसे मी परत करू लागलो.
तो चिडला. म्हणाला, फुकटचा अर्ज कोण वाचतं?
मोजून दिले, सुटेसुद्धा,
आणि सायकल हातात धरून निघून गेला.

कोर्ट सुटलं. झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं.
मी एक कोरा कागद मशीनला लावला.
वर कुणाला उद्देशून लिहायचं ते सुचेना,
म्हणून ती जागा सोडली.
दितल्या पावरा, वय सतरा,
बेपत्ता
इथं मशीनचा 'र' नेहमीसारखा चिकटला,
तो नखानं सोडवला, पुन्हा मारला.
केला. केला गेला. करण्यात आला.
तिन्ही ठेवले.

मग अंगातले कपडे लिहायला घेतले,
आणि थांबलो.
बुधरामची बाही मला पाठ आहे.
दितल्यानं त्या दिवशी काय घातलं होतं,
मी विचारलंच नव्हतं.