प्रकरण तिसरे

बोरसे मॅडम म्हणाल्या, आधी आराखडा ठरव,
मग नंदुरबारला जा.
मी आधीच जाऊन बसले होते.
पिशवीत साठ प्रश्नावल्या, पुठ्ठ्याचं पॅड,
आणि दर पाचव्या बाईला विचारायचं असा नेम,
म्हणजे निवडीत आपली मर्जी शिरत नाही.

पथारीवर मिरची, नजर थकेपर्यंत लाल.
बाया देठ खुडत गोल बसलेल्या.
गोलात पाचवी कोण?
एकीपासून मोजायला लागले तर तिसरी पाण्याला उठली,
सातवीनं पोर आठवीच्या मांडीत टाकलं,
माझी मोजणी पुन्हा पहिल्यावर.

शेवटी रायकीबाईसमोर बसले.
कामाबद्दल आपण कितपत समाधानी आहात?
पूर्ण, बऱ्यापैकी, सांगता येत नाही, कमी, मुळीच नाही.
उत्तर तिच्या शेजारणीनं दिलं,
ते शेजारणीच्या शेजारणीनं खोडलं,
मग सगळ्या हसल्या.
मला ठसका लागला, थांबेना.
हसणं कुठल्या रकान्यात घालायचं?
ठसका तर माझाच, आणि मी काही प्रतिसादक नव्हते.

'हाऊ रकाना कोना शे?'
तिचं बोट 'सांगता येत नाही'वर.
उचललं तेव्हा तिथं तांबडा ठसा.
'बठ आठे. आधी एक पोतं खुड, मंग इचार.'

खुडलं. पोतं कसलं, पाव पोतंही झालं नाही.
रात्री लॉजवर तांब्याभर ताकात बोटं बुडवून बसले.
पेन धरवेना,
म्हणून माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद नाही.

मॅडमना फोन केला:
गोलात बसायची काही पद्धत असते का?
'असते. सहभागी निरीक्षण.
नाव आहे तिला, वाचलीस.
संदर्भ मात्र दे.'

पुढचे बावीस दिवस गेले तसे गेले.
काही विचारलंच नाही असे त्यातले सहा.

आता टाइप करतेय:
'सदर अभ्यासासाठी गुणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला.'
कुणी केला, ते वाक्यात लागत नाही.
सोयीचं वाक्य. त्याला हात नाहीत,
त्यामुळे झोंबतही नाहीत.

एकोणसाठ प्रश्नावल्या कोऱ्या, पाठीला भावाची गणितं.
साठावी परिशिष्टात, ठशासकट.
झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, हे काळं येईल.
म्हटलं, येऊ दे.
पाच प्रती काढ.