रोयण

खाण बंद झाली, तेव्हापासून
ट्रक फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच.
बँकेची पत्रं मी न फोडता
तांदळाच्या डब्यामागे सारायचो.

सुलक्षाने एका दुपारी ती सगळी फोडली,
वाचली, मला काही बोलली नाही.
हौद्यात अजून खनिजाची लाल धूळ होती,
तिच्यावर तिने माती ओतली, शेणखत,
आणि तांबडी भाजी पेरली.
मी सोप्यावरून बघत होतो. हसलोही असेन.

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात अकरा जुड्या.
दोन उरल्या, त्या आम्ही खाल्ल्या.
"एवढ्याने काय होणार?"
"दिव्याचं तेल," ती म्हणाली,
आणि सातेरीला घेऊन गेली मला.

आमच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही.
रोयण आहे, मातीचं वारूळ, माणसाहून उंच.
लहानपणापासून डोकं टेकत आलो,
पण हे बांधलं कोणी, ते कधी मनात आलं नव्हतं.
वाळवीने. तोंडातून एकेक कण आणून.
आणि वाळवीला म्हणे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक घागर नेली ट्रकपर्यंत.
एकच. मग कंबर धरून बसलो.
परवा दोन.

कर्ज आहे अजून.
पत्रं आता डब्याच्या पुढे असतात, फोडलेली.
मंगळवारी रात्री मी जुड्या बांधतो.
बोटं अजून स्टिअरिंगचीच, गाठ सैल बसते.
ती एकेक पुन्हा आवळते,
न बोलता.