मूळ, नंतरचे

नागपूरच्या मॅडमच्या फॉर्मात दोनच रकाने:
मूळ. नंतरचे.
मी शिडी धरून उभा. म्हटलं, लिहा.

कवेलू नंतरचे. आधी गवत होतं,
जिनिंग पेटली त्या उन्हाळ्यात गेलं.
टीन त्याच्याही नंतरचं, झंवर शेठनं टाकलं,
माकडं कवेलू टिकू देत नव्हती.
स्लॅब माझ्या हातचा, मागच्या दोनच खोल्यांवर.
लोखंड कमी पडलं होतं, ते लिहू नका.

दर्शनी बाजू?
इथं मी जरा अडलो.
बंगल्याचं तोंड छोट्या गाडीकडे होतं,
साहेब ओसरीत बसून रुईच्या गाठी मोजायचा.
मग डांबरी सडक मागून गेली.
घर हललं नाही, पण फिरलं.
संडासाच्या जागी पायऱ्या आल्या,
मोरीच्या भिंतीत बाबानं कमान काढली,
आणि पुढच्या ओसरीत सरकी,
मग सोसायटीचं खत, मग अंगणवाडीचा तांदूळ.
आता लग्नाची वरात मागच्या दारानं आत येते
आणि त्यालाच पुढचं म्हणते.

मॅडमनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

खिडक्या चौदा होत्या, सागाच्या.
दोन बुजल्या, बँकेची तिजोरी आली तेव्हा.
तिघींच्या पोटात कूलर बसले.
उरल्या त्यांच्या चौकटी मूळच्या, गज नंतरचे,
बिजागऱ्या कोणाच्या, देव जाणे.

चुना मात्र मूळचा, गूळ-बेलफळ घालून घाणीत मळलेला.
त्याच्यावर सिमेंट धरत नाही.
दर तीन वर्षांनी पोपडे, दर तीन वर्षांनी मला निरोप.
त्या दोघांच्या भांडणावर माझी दोन पोरं शिकली.

राहिलं मोठ्या खोलीतलं भोक,
वर, आढ्याच्या जवळ, मुठीएवढं.
कापडी पंख्याची दोरी यातून ओसरीत जायची.
त्या टोकाला उकंडा, माझा आजा,
पायाच्या अंगठ्याला दोरी गुंडाळून, चैत-वैशाखभर.
डुलकी लागली की आतून जोडा यायचा.
पुढे त्यातूनच रेडिओची तार आली,
सोसायटीच्या फोनची, कूलरची नळी,
आता वाय-फायचं पांढरं वायर.
बुजव म्हणून मला दोनदा सांगितलं होतं.
मी दोन्ही वेळा विसरलो.

मॅडम शिडी चढल्या, भोकात बोट घातलं.
खालच्या कडेला खाच,
गुळगुळीत, बोट आपोआप बसेल अशी.
"ही कोणी कोरली?"
गवंड्यानं नाही, म्हटलं.
"मग कुठल्या रकान्यात?"
मी वर बघितलं नाही.
"आणि बुजवायचं अंदाजपत्रकात धरू?"

शिडी हलते आहे, मॅडम, म्हटलं.
खाली या.