वीस मिनिटं

मे महिन्यात फार्गो दुपारी बारानंतर चालत नाही.
चालते, पण कुंभारीच्या अलीकडे एकदा थांबते.
पेट्रोल नळीतच उकळतं, पंपाला वाफ ओढता येत नाही.
मग बॉनेट उचलायचं,
आमच्याच मागावरचा, किनार चुकलेला टॉवेल
कॅनमधल्या पाण्यात बुडवायचा
आणि पंपावर ठेवायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
वीस मिनिटं.
नायना म्हणायचे, गाडीला पण दुपारची झोप लागते,
सोलापूरची आहे शेवटी.

त्या वीस मिनिटांतच ते बोलायचे. एरवी नाही.
मागाच्या खटखटीत वाढलेला माणूस,
घरात त्यांना शांतता सोसायची नाही की बोलणं, मला कळलं नाही.
पण टॉवेलातून वाफ निघायला लागली
की सांगायचे, भिवंडीला गेलेल्या धाकट्या भावाचं,
एका बुडालेल्या भिशीचं,
कुठल्या रंगाला किती मीठ लागतं त्याचं.

आता डाईंगला जाणारा कोरा माल मागे
आणि स्टिअरिंगवर मी, इराबत्तींची थोरली.
साखर पेठेत अजून माना वळतात.

प्रणीत पुण्याहून खोकं घेऊन आला, इंजेक्शनचं.
टाकीत बुडणारा पंप, चार सुया,
जटेसारख्या वायरी आणि एक काळी डबी.
"आक्का, पेट्रोल सारखं फिरत राहतं, टाकीत परत येतं,
उकळायला थांबतच नाही.
चोक नाही, स्क्रू नाही. हवा किती, गरमी किती, डबीच मोजते."
"आणि डबी बंद पडली तर?"
"तर पुण्याला फोन करायचा."
एकसष्ट हजार. म्हणजे किती डझन टॉवेल,
तो हिशेब मी रात्री केला. करायला नको होता.

नदाफ मिस्त्री कार्बोरेटरच्या बाजूचे,
असं मी धरूनच चालले होते.
चाळीस वर्षं त्यांनी हिचा स्क्रू डोळे मिटून फिरवला,
पाव आटा इकडं, केसभर तिकडं,
कान इंजिनाकडं, तोंडात न पेटवलेली विडी.
"आता नीट बोलायली बघ."

विजापूर वेशीत त्यांच्याकडे गाडी लावली,
इंजिन चालू ठेवलं.
त्यांनी स्क्रू फिरवला, थांबले, परत फिरवला.
फार्गो खोकत होती, धुरानं भिंत काळी,
आणि ते मान डोलवत होते, छान, छान.
मग त्यांनी माझं तोंड बघितलं.
स्क्रूड्रायव्हर पुसला. बराच वेळ पुसला.
"बसव ते पोराचं.
मला बारीक आवाज ऐकू येईनात गं.
दोन वर्षं झाली. अंदाजानं चालवायलो."

दोन वर्षं!
आणि मी भेसळ भेसळ म्हणत
पेट्रोल पंपावरच्या पोरांशी भांडत होते.

मे संपायच्या आत बसवलं.
कार्बोरेटर मिस्त्रींनीच उतरवला, दोन्ही हातांनी,
प्रणीतला बोट लावू दिलं नाही.
उतरवल्यावर मात्र कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना,
बाकावर बसले तसेच, मांडीवर घेऊन.

किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात.
ना चोक, ना शिवी.
कुंभारीच्या अलीकडे पाय आपोआप हलका झाला.
गाडी थांबली नाही.

डाईंगच्या फाटकाशी पोचले तर फाटक बंद,
वॉचमन जेवायला गेलेला.
रोजच्यापेक्षा वीस मिनिटं लवकर आले होते.
इंजिन बंद केलं, काच खाली केली.
सीटखालचा टॉवेल कोरडा, पापडासारखा कडक.
शेजारी कोणी नव्हतं,
तरी मी मोठ्यानं म्हटलं,
गडद तांबड्याला मीठ जास्त लागतं.